हॅट्‌बाईंची धूळपाटी

आमच्या बाई जगातल्या बहुतेक गोष्टींना 'हॅट्' म्हणत. ओरडून नव्हे, रागावूनही नव्हे. भाकरीतला खडा जिभेनं पुढं आणून बाजूला टाकावा, तसा तो शब्द त्या ओठांच्या कडेनं टाकीत आणि पुढच्या कामाला लागत. एका बड्या घरची वरात हत्तीवरून शाळेसमोरून गेली. सगळा वर्ग खिडकीशी लोटला. बाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हॅट्. हत्तीला ऊन लागतंय." पेठेत कुणी एक बुवा उतरले होते, ते रिकाम्या मुठीतून अत्तर काढतात म्हणून अर्धं सोलापूर त्यांच्या पायांवर लोळत होतं. बाईंचं म्हणणं, "हॅट्. ज्वारी काढून दाखवा म्हणावं." रडत आलेल्या पोरीचीही सुटका नसे. "हॅट्. आधी नाक पूस, मग रड." नाक पुसून होईपर्यंत बहुधा रडायचं राहूनच जाई.

पोरींनी त्यांचं नाव हॅट्‌बाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचं खरं नाव मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. ते फारच गोड होतं आणि त्यांना मुळीच शोभत नव्हतं, म्हणून इथं लिहीत नाही.

बाई करमाळ्याच्या. नवरा गेला तेव्हा अगदी लहान होत्या. सासरच्यांनी त्यांना चुलीपुढं बसवायचं ठरवलं होतं, पण एका चुलत्यानं त्यांना उचललं आणि पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात नेऊन घातलं. तो चुलता सोडला, तर बाई कुणाविषयी चार बरे शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. अंगानं उंच, रंगानं सावळ्या, पांढरं लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आणि पिशवीत सदैव भाजलेल्या शेंगा. थोरले मास्तर बोलू लागले, की बाई शेंगा सोलू लागत. त्यांचं बोलणं संपेपर्यंत बाईंच्या पदरात टरफलांचा ढीग झालेला असे. मग त्या पदर खिडकीबाहेर झटकीत आणि विचारीत, "काय म्हणत होता?"

हे थोरले मास्तर म्हणजे आमच्या पेठेतल्या मुलींच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांच्याइतकं सुंदर अक्षर मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि त्या अक्षरात त्यांनी लिहिलेलं, पुन्हा वाचावंसं वाटेल असं एक वाक्य मला आठवत नाही. सकाळी येत, फळ्यावर कित्त्याची ओळ काढीत, दोन पावलं मागं सरकून तिच्याकडे पाहत, पुन्हा पुढं होऊन एखाद्या वेलांटीची शेपटी जरा लांबवीत आणि कृतार्थ होऊन खुर्चीवर बसत. झालं त्यांचं शिकवणं. मुलीचं अक्षर पाहिलं की तिचं चारित्र्य कळतं, असा त्यांचा सिद्धांत होता. पेठेतल्या शहाण्या लोकांनी तो मान्य केला होता, कारण पेठेतल्या शहाण्या लोकांना कशालातरी मान हलवायची सवय होती. अक्षराला वळण नाही म्हणजे मुलीला वळण नाही, इतकी सोपी त्यांची बेरीज. त्या हिशेबानं मी शाळेतली सर्वांत दुर्वर्तनी मुलगी ठरले होते.

माझं अक्षर वाईट होतं म्हणणं म्हणजे त्याचं कौतुक झालं. ओळ पाटीच्या एका टोकाला निघे आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वरच्या ओळीत घुसे. एक अक्षर चिंचोक्याएवढं, शेजारचं लिंबाएवढं. काना एकीकडे, मात्रा भलतीकडे. पेन्सिल इतकी दाबून धरी, की ती मोडे, आणि चार शब्द लिहिले की मनगटापासून कोपरापर्यंत कळ जाई. तोंडानं मात्र मी वर्गात कुणाला ऐकत नसे. पाढे, सवायकी, कविता, मुंबई इलाख्यातल्या नद्या, जे विचाराल ते. थोरल्या मास्तरांनी यावरून अनुमान काढलं, की हिला सगळं येतं, तरी लिहीत नाही, त्या अर्थी ही मुद्दाम करते. बोटांच्या फटींत पेन्सिल घालून वरून मूठ आवळायची, हा त्यांचा उपाय. वर्षभर त्यांनी तो नेमानं केला आणि अक्षर सुधारत नाही याचं त्यांना नेमानं आश्चर्य वाटलं. स्वतःच्या उपायाची शंका येण्याइतकी बुद्धी त्या सुंदर अक्षराला परवडणारी नव्हती.

घरी वेगळे वैद्य. आमचं भुसार मालाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागंच घर. अव्वा, म्हणजे माझी आई, रोज रात्री माझ्या बोटांना एरंडेल चोळी आणि महादेवाला काहीबाही बोले. मैंदर्गीची आत्या आली, की माझा हात हातात घेऊन रेषा पाही आणि तोंडानं चकचक करी. शेजारणी येऊन आपापल्या मुलींच्या पाट्या दाखवून जात. अप्पा, म्हणजे माझे वडील, यातलं काहीच करीत नसत. पाटीचा विषय निघाला की ते उठून दुकानात जात. मला वाटे, त्यांना माझी लाज वाटते.

चौथीचा वर्ग बाईंकडे होता. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या पाटीपाशी थांबल्या. मी सवयीनं बोटं पुढं केली. बाईंनी बोटांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि त्यांचा तो शब्द टाकला. तो कुणाला उद्देशून होता हे मला तेव्हा कळलं नाही. त्या पुढं गेल्या.

पुढचे काही दिवस त्यांनी मला लिहायला लावलंच नाही. नुसत्या बघत. मधल्या सुट्टीत आम्ही सागरगोटे खेळत असू, म्हणजे बाकीच्या खेळत. माझ्या हातून वर उडवलेला गोटा झेलला जायचा नाही, म्हणून मला त्या मोजायला बसवीत. बाई शेंगा सोलीत तिथं येऊन बसल्या. मग एकदा त्यांनी सुईत दोरा ओवायला दिला. एकदा पोलक्याची गुंडी सुटली आहे, लाव म्हणाल्या. एकदा शेवंतीची फुलं आणि दोरा पुढं टाकला. प्रत्येक वेळी माझा घोटाळा व्हायचा, आणि प्रत्येक वेळी त्या काही न बोलता ती वस्तू परत घेत. उलट आडातून घागर शेंदायला सांगितली, ती मी दोन्ही हातांनी सरसर वर काढली, तेव्हा त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता या मला मोलकरीण ठेवणार.

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि डोळे मीट म्हणाल्या. माझ्या तळहातावर त्यांनी बोटानं एक अक्षर काढलं. मी म्हटलं, 'झ'. दुसरं काढलं. मी म्हटलं, 'क्ष'. कितीतरी अक्षरं झाली, एकही चुकलं नाही. मग त्यांनी स्वतः डोळे मिटले, आपला हात पुढं केला आणि मला काढायला सांगितलं. मी 'ग' काढला. त्यांना ओळखू आला नाही. पुन्हा काढला. पुन्हा नाही. त्यांनी डोळे उघडले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलल्या.

"अक्षर तुझ्या डोक्यात आहे," त्या म्हणाल्या. "तिथून बोटापर्यंत येताना वाटेत सांडतंय. तू आळशी नाहीस. आणि तुला आळशी म्हणणारे गाढव आहेत."

मी रडायला लागले. त्यांनी नाक पुसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेच्या माळ्यावरून एक जुनी धूळपाटी खाली काढायला लावली. पंतोजींच्या काळी पाटी-पेन्सिल नव्हती, तेव्हा पोरं लाकडी फळीवर धूळ पसरून तिच्यात बोटानं अक्षरं गिरवीत. ती फळी म्हणजे धूळपाटी. पाट्या आल्यावर सगळ्या धूळपाट्या माळ्यावर गेल्या किंवा बंबात गेल्या, आणि त्यांचं नाव काढणंही मागासलेपणाचं ठरलं. बाईंनी तांबडी माती वस्त्रगाळ करून फळीवर पसरली आणि मला बिगरीच्या वर्गात, पाटीसुद्धा अजून न धरलेल्या चिमुरड्यांच्या शेजारी नेऊन बसवलं. खांद्यापासून हात हलवायचा आणि ताटाएवढं अक्षर काढायचं. एका दिवसात एकच अक्षर. मनासारखं आलं नाही, तर फळी हलवायची, माती सपाट. मोडलेलं अक्षर कुणाला दिसत नाही, आणि पेन्सिल मोडायचा प्रश्न नाही, कारण पेन्सिलच नाही.

मला ते आवडलं. पेठेला आवडलं नाही. चौथीची पोर बिगरीत बसून धुळाक्षरं गिरवते, ही बातमी भोंगा वाजावा तशी घरोघर गेली. आमच्याकडे ती मैंदर्गीच्या आत्यानं आणली, आणि तिच्याबरोबर तिकडचं एक स्थळही आणलं. पोरगी वेडीबिडी आहे अशी बोलवा होण्याआधी उजवून टाका, असं तिचं म्हणणं. अव्वा कानडीत साकु साकु, पुरे झालं म्हणत डोळ्यांना पदर लावून बसली. अप्पा जेवत होते. ते मान वर न करता म्हणाले, की उद्यापासून गिरिजा शाळेत जाणार नाही. माझ्या थोरल्या बहिणीला त्यांनी सहावीपर्यंत शिकवलं होतं. मला चौथीतून काढायला त्यांना हात धुवायला लागतो तेवढा वेळही लागला नाही.

मी घरी बसले. ज्वारी निवडत होते, खडे ज्वारीत आणि ज्वारी खड्यांत टाकत होते. तिसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या.

बाईमाणसानं, तेही मास्तरणीनं, भर बाजारात भुसार दुकानात येऊन उभं राहायचं, ही तेव्हाच्या सोलापुरात बघायला गर्दी जमावी अशीच गोष्ट होती, आणि जमली. मी आतल्या दाराशी पोत्यांआड उभी राहून ऐकत होते. बाई लगेच बोलल्या नाहीत. एका बाजूला छत्री टेकून अप्पांचा व्यवहार बघत राहिल्या. अप्पा भाव सांगत होते, मापांची बेरीज तोंडानंच करत होते, गिऱ्हाईक बोलायच्या आत आकडा सांगत होते. पण पुडी बांधायची वेळ आली, की ती न बघताच नोकराकडे सरकवत होते. लिहायची वेळ आली, की दिवाणजींकडे बोट करत होते. हे मी जन्मल्यापासून बघत होते आणि मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं.

"बाई, हितं कशाला आलाव?" अप्पा म्हणाले. "निरोप धाडायचा की. मी आलो असतो."

बाईंनी मुलगी शाळेत का येत नाही ते विचारलं. अप्पा म्हणाले, पोरीच्या जातीला झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं. बाई म्हणाल्या, हे खरं कारण नाही, थोरलीच्या वेळी हे सुचलं नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून माझी पाटी आणि पेन्सिल काढली आणि तराजूपाशी ठेवली. शाळेतून नाव काढायचं असेल तर बापानं मुलीचं नाव आपल्या हातानं लिहून द्यावं लागतं, म्हणाल्या. असा काही नियम नव्हता. तो त्यांनी तिथल्या तिथे केला.

अप्पांनी दिवाणजींना खूण केली.

"दिवाणजी नकोत," बाई म्हणाल्या. "बाप तुम्ही."

अप्पांनी पेन्सिलीला हात लावला नाही. तराजूच्या दांडीवर हात ठेवून ते तसेच बसले. मग दिवाणजींना म्हणाले, जरा पान खाऊन या की. नोकराला काही आणायला पाठवलं. गिऱ्हाईकं समजून बाजूला झाली. अप्पांनी आपला उजवा हात पुढं केला.

"हे बोट बगा, वाकडं हाय," ते म्हणाले. "पंतोजीनं फटीत बोरू घालून दाबला, तवाचं. तरीबी अक्षर आलं न्हाय ते न्हायच. लोकांनी येडा म्हटलं. बापानं दुकानात बसीवलं, तवा सुटलो. हितं कोण इचारतंय लिही म्हणून? पोरगी घरात बसली तर तिलाबी कुणी इचारणार न्हाय, असं वाटलं मला."

दुसरं कुणी असतं तर इथं विरघळलं असतं. मीही पोत्याआड विरघळले होते. बाईंचा आवाज मात्र होता तसाच कोरडा होता.

"म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मुलगी बोटं सुजवून घरी येत होती, लोक तिला आळशी म्हणत होते, लबाड म्हणत होते, आणि तसं नाही हे सोलापुरात एकट्या तुम्हांला ठाऊक होतं. एकदा तोंड उघडायचं होतंत. अक्षर लागत नाही त्याला."

अप्पांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "उद्या धाडतो."

मला अप्पांची कीव आली आणि त्यांचा रागही आला. माणूस प्रेमापोटी आपल्या मुलीला पोत्यांआड लपवून ठेवायला निघाला होता, आणि त्याला ती माया वाटत होती. आज अप्पा नाहीत. कीव केव्हाच गेली, प्रेम राहिलं, आणि राग थोडासा अजून आहे. बाईंनी तो माझ्या वतीनं आधीच बोलून टाकला होता, म्हणून तो मला कधी त्यांच्या तोंडावर काढावा लागला नाही.

मी पुन्हा शाळेत गेले. धुळीतलं ताटाएवढं अक्षर वाटीएवढं झालं. मग बाईंनी परसातल्या फरशीवर कोळशानं लिहायला लावलं, मग खडूनं. कागदाची वेळ आली तेव्हा त्यांनी एक जाडजूड बोरू घेतला आणि त्याला चिंधी गुंडाळून मुठीत मावेल असा केला. तो बोरू बघून थोरल्या मास्तरांनी नाक मुरडलं. मुसळ आहे की काय, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मुसळच आहे. ज्याला कांडायचंय त्यानं मुसळ घ्यावं. मोरपीस तुम्हांला असू द्या." दोन शब्दांमध्ये बोटभर जागा सोडायची, आणि ती खरोखर डाव्या हाताचं बोट ठेवून सोडायची, हे त्यांनीच शिकवलं. हात दुखला की थांबायचं. थांबल्याबद्दल कुणाची क्षमा मागायची नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली, तिच्यावर मी पुढं जन्मभर पोट भरलं. उत्तर लिहिण्याआधी ते मला तोंडी सांगावं लागे. मी भडाभडा सांगे. बाई म्हणत, "आता हेच निम्म्यात सांग." मी निम्म्यात सांगे. "आणखी निम्म्यात. तुझ्यापाशी हात थोडा आहे, उगाच उधळू नकोस." शेवटी जे उरे तेवढंच कागदावर जाई. सुंदर अक्षरवाल्या मुली पानंच्या पानं मोत्यांनी भरीत आणि त्यांत काय लिहिलं आहे हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसे.

वर्षाच्या शेवटी तपासणीला डेप्युटीसाहेब आले. साहेब म्हणायचे एवढंच, होते आपल्यातलेच. कोट, उपरणं, पगडी, आणि चेहऱ्यावर सरकारी अजीर्ण. थोरल्या मास्तरांनी त्यांना आधी छानछान अक्षरांच्या मुली दाखवल्या. साहेब त्या कित्त्यांवरून बोट फिरवीत वाहवा करीत होते. मजकूर वाचायची तसदी त्यांनी घेतली नाही. माझा कागद हातात आला तेव्हा त्यांनी तो दोन बोटांत धरला, आणि ही मुलगी चौथीत कशी बसवली, असं विचारलं.

बाई म्हणाल्या, तिलाच विचारा. साहेबांनी भूगोल विचारला, इतिहास विचारला, तोंडी हिशेब घातला. मी सगळ्याची उत्तरं दिली. साहेब म्हणाले, ते ठीक आहे, पण तोंडी काय, पोपटही बोलतो. कागद वाचता आला पाहिजे.

"वाचता येतो," बाई म्हणाल्या. "बिगरीतल्या मुलींनाही येतो, मी त्यांच्याकडून वाचून घेतलाय. बोलवू का एखादीला? तुम्हांला वाचून दाखवील."

मी पास झाले. एवढ्या साक्षीदारांदेखत नापास करायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण देण्याची साहेबांना सवय नव्हती. पण त्यांनी शेरा लिहिला, थोरल्या मास्तरांनी तो आपल्या देखण्या अक्षरात शाळा कमिटीकडे उतरवून पाठवला, आणि बाईंना गावाबाहेरच्या एका शाळेत, चौथीवरून बिगरीवर टाकल्याचा हुकूम आला. वरिष्ठांशी वागण्याची रीत नाही, असं कारण होतं. धूळपाटीचाही उल्लेख होता. कमिटीत प्रतिष्ठित गृहस्थ होते. प्रभातफेऱ्यांचे ते दिवस, ही मंडळी सकाळी देशाच्या स्वातंत्र्याची गाणी म्हणत आणि दुपारी कमिटीत बसून डेप्युटीला मुजरा करीत.

काही पालकांनी बाई इथंच राहाव्यात म्हणून अर्ज केला. अर्ज आमच्या दुकानात आला तेव्हा दिवाणजींनी सवयीनं टाक उचलला. अप्पांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. गिऱ्हाईकं उभी होती. अप्पा सही करत होते आणि सगळे वाट बघत होते. एक जण कंटाळून निघून गेला, तरी अप्पांनी मान वर केली नाही.

कमिटीच्या बैठकीला पालकांना बोलावलं होतं. तिथं काय झालं ते अप्पांनीच घरी सांगितलं. अध्यक्षांनी सह्या चाळल्या, एका सहीपाशी थांबले आणि कागद उंच धरून म्हणाले, की ही सही आहे की शाईत बुडालेलं झुरळ चालत गेलंय. मंडळी हसली. थोरले मास्तर सर्वांत जास्त हसले. अप्पा मागं बाकावर बसले होते, ते उठले.

"ते झुरळ न्हवं," ते म्हणाले. "ते माजं नाव हाय. मीच लिवलंय."

हसणं थांबलं. अर्ज नामंजूर व्हायचा तो झालाच. असल्या माणसांना शरम वाटते ती घटकाभर, आणि ठराव तर आधीच लिहून तयार असतो. अप्पांनी हे सगळं जेवताना सांगितलं आणि पुन्हा भाकरी मागून घेतली.

बाई गेल्या त्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेले. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि शेंगांची पिशवी. मी सबंध पानभर काहीतरी लिहून नेलं होतं. त्यांचे उपकार, माझी कृतज्ञता, असलं काहीतरी. बाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाल्या, निम्म्यात बसलं असतं.

मग ट्रंकेवर बसून त्यांनी मला समोर उभं केलं. "तुझं अक्षर कधी सुंदर होणार नाही," त्या म्हणाल्या. "मला जेवढं जमलं तेवढं झालं. आता सांगून ठेवते, म्हणजे वाट बघत बसणार नाहीस. लोक हसतील. हसू देत. लिहीत जा."

टांगा आला. टांगेवाल्यानं ट्रंक चढवली. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आशीर्वाद दिला नाही. माझा उजवा हात धरला, उलटा केला, बोटं एकेक करून दाबून बघितली, आणि बरी आहेत म्हणाल्या. त्यांच्यावर माझं किती प्रेम होतं हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते सांगायला माझ्याकडे तोंड होतं तरी मी गप्प राहिले.

मैंदर्गीचं स्थळ कुणीतरी दुसऱ्यांनी घेतलं. मी शिकले, मास्तरीण झाले. लिहू लागले, छापूनही येऊ लागलं. बाई पुढं करमाळ्याला गेल्या आणि तिथंच वारल्या, हे मला उशिरा कळलं. त्यांच्याविषयी कुठं चार ओळी आल्या असतील असं वाटलं नाही, आणि आल्याही नव्हत्या. थोरले मास्तर निवृत्त झाले तेव्हा मात्र त्यांचा सत्कार झाला होता आणि त्यांच्या कित्त्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मला आमंत्रण होतं. मी गेले नाही.

हे सगळं मी माझ्याच हातानं लिहिलं आहे. छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी सकाळपासून तीनदा कागद घेऊन आला, की हा शब्द काय, तो शब्द काय, बाई, एखाद्या चांगल्या हाताकडून नक्कल करून द्या. मी म्हटलं, नक्कल मिळणार नाही. बसा इथं, वाचून दाखवते.